यादवी युद्धातल्या वॉशिंग्टनमध्ये पूर्वजांचा शोध: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात (१८६१ ते १८६५) राजधानी वॉशिंग्टनमध्ये राहिलेल्या, तिथून पुढे गेलेल्या किंवा तिथल्याच मातीत पुरलेल्या माणसांचा माग कसा काढायचा, याबद्दल वरचेवर येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कुणी सासरच्या कुळाचा शोध घेत असतं, कुणी मुलांच्या अमेरिकन आजोबांच्या घराण्याचा. कारण काहीही असो, कागद तेच लागतात.

नाव आणि अंदाजे साल हाताशी आहे. सुरुवात कुठून करू?

आधी स्वतःला एक प्रश्न विचारा: हा माणूस वॉशिंग्टनमध्ये कशासाठी होता? इतर शहरांत 'कुठे राहत होता' इथून सुरुवात केली तरी भागतं. इथे नाही भागत. १८६० च्या जनगणनेत राजधानीच्या जिल्ह्याची लोकसंख्या ७५,०८० होती आणि १८७० मध्ये ती १,३१,७०० झाली. या दोन आकड्यांच्या मधे जे आले आणि निघून गेले, ते दोन्हींत नाहीत. सैनिक, परिचारिका, कारकून, सुतार, गाडीवान, गुलामीतून पळून आलेली कुटुंबं, जखमी मुलाला शोधत आलेल्या आया, सगळे त्या दहा वर्षांच्या फटीत आहेत.

नगरपालिकेनं या लोकांबद्दल फारच थोडं लिहून ठेवलं. युद्ध चालवणाऱ्या खात्यांनी मात्र भरपूर लिहिलं, कारण त्यांना पगार द्यायचा होता, औषधं पुरवायची होती, पेन्शन मंजूर करायची होती. म्हणून येण्याचं कारण कळलं की कचेरी कळते, आणि कचेरी कळली की दफ्तर सापडतं. पुढची बहुतेक उत्तरं याच धाग्यानं चालतात.

तेव्हाचं 'वॉशिंग्टन' म्हणजे नेमकं काय?

आज जे एक शहर दिसतं तिथे तेव्हा तीन वेगळे कारभार होते: वॉशिंग्टन शहर, जॉर्जटाउन, आणि उरलेला ग्रामीण भाग म्हणजे वॉशिंग्टन काउंटी. १८७१ पर्यंत हे असंच चाललं, त्यामुळे करवह्या आणि शहराची दफ्तरं पाहताना तिन्ही ठिकाणी डोकवावं लागतं. पोटोमॅक नदीपलीकडचं अलेक्झांड्रिया १८४६-४७ मध्येच व्हर्जिनियाला परत गेलं होतं. पूर्वज अलेक्झांड्रियाचा असेल तर १८४७ नंतरची त्याची स्थानिक नोंद व्हर्जिनियाच्या कागदांत शोधा.

जनगणनेत सापडेलच ना?

१८६० मध्ये स्वतंत्र माणूस असेल तर सापडण्याची आशा बरी. नाव, वय, धंदा, मालमत्तेची किंमत आणि जन्मस्थान मिळतं. पण कुटुंबप्रमुखाशी नातं लिहिलेलं नसतं. ते १८८० पासून लिहू लागले. म्हणून एकाच घरात, एकाच आडनावाखाली दिसलेली बाई पत्नी, बहीण की विधवा वहिनी, हे दुसऱ्या कागदानं सिद्ध होईपर्यंत वंशावळीत शाईनं लिहू नका.

गुलामांची १८६० ची यादी वेगळी असे आणि तिच्यात वय, लिंग, वर्ण इतकंच मालकाच्या नावाखाली नोंदलेलं असे. गुलामाचं नाव नसे. गुलामीत असलेल्या माणसांची नावं जनगणनेत पहिल्यांदा येतात ती १८७० मध्ये. १८९० ची जनगणना १९२१ च्या आगीमुळे जवळपास सगळी गेली. मात्र युद्धातल्या माजी सैनिकांची आणि त्यांच्या विधवांची १८९० ची खास यादी राजधानीपुरती उपलब्ध आहे. सैनिक घराणं असेल तर ती चुकवू नका.

जुना पत्ता मिळाला, पण नकाशावर ते घरच नाही. असं कसं?

युद्धकाळात बॉइड यांच्या नावाची शहर-डिरेक्टरी निघत होती. नाव, धंदा, पत्ता असा तिचा साचा. पण तिच्यातले पत्ते आजच्या पद्धतीचे नाहीत. 'सातवा रस्ता पश्चिम' किंवा 'एच रस्ता उत्तर' असं संक्षेपात लिहिलेलं असतं, म्हणजे कॅपिटलच्या (अमेरिकेच्या संसदभवनाच्या) पश्चिमेचा सातवा आणि उत्तरेचा एच. शिवाय युद्धानंतर घरक्रमांकही नव्यानं दिले गेले. जॉर्जटाउनमध्ये तर रस्त्यांची नावंच बदलली: तेव्हाचा ब्रिज स्ट्रीट म्हणजे आजचा एम स्ट्रीट, आणि हाय स्ट्रीट म्हणजे विस्कॉन्सिन अव्हेन्यू. जुना घरक्रमांक आजच्या नकाशात टाकलात तर भलत्याच दारात उभे राहाल. त्या काळचा नकाशा शेजारी ठेवा आणि कोणत्या दोन रस्त्यांच्या मधलं घर आहे ते पाहा.

डिरेक्टरीत कृष्णवर्णीय रहिवाशांच्या नावापुढे तसा शेरा असतो आणि विधवांच्या नावापुढेही. हे शेरे उतरवून घ्या. 'विधवा' हा शेरा एखाद्या साली पहिल्यांदा दिसला तर पतीच्या मृत्यूची वेळ दोन आवृत्त्यांच्या मधे पकडता येते.

जन्म-मृत्यूचे दाखले?

त्यावर विसंबू नका. जन्म-मृत्यूची पद्धतशीर नोंदणी राजधानीत १८७४ पासून सुरू झाली. लग्नाच्या परवान्यांची नोंद मात्र १८११ पासून आहे आणि ती युद्धातही चालू राहिली. बाकी भिस्त चर्चच्या वह्यांवर, दफनभूमीच्या नोंदींवर आणि वर्तमानपत्रांवर. 'इव्हनिंग स्टार' हे स्थानिक दैनिक १८५२ पासून निघत होतं. त्याचे युद्धकाळातले अंक घरबसल्या, फुकट वाचता येतात. मृत्यूच्या छोट्या सूचना, पोलिसांत गेलेली भांडणं, इस्पितळात आलेल्या जखमींच्या याद्या, पोस्टात पडून राहिलेल्या पत्रांची नावं, सगळं त्यात आहे. पडून राहिलेल्या पत्राची नोंदही कामाची असते. त्या महिन्यात तो माणूस या शहरात आहे असं निदान कुणीतरी समजत होतं.

आमचे पूर्वज तिथे गुलामीत होते. त्यांची नावं कुठेच नसतील ना?

आहेत. ही या शहराची फार वेगळी गोष्ट आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

१६ एप्रिल १८६२ रोजी, म्हणजे लिंकन यांच्या मुक्तीच्या जाहीरनाम्याच्या साडेआठ महिने आधी, काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या, कायद्यानं राजधानीतली गुलामी संपली. या कायद्यात मालकांना भरपाई होती, माणशी सरासरी ३०० डॉलरपर्यंत. ती हवी असेल तर मालकानं अर्ज करायचा, आणि अर्जात प्रत्येक माणसाचं नाव, वय, वर्णन, अंगचं कसब आणि तो आपल्याकडे कसा आला हे लिहायचं. पैशाच्या आशेनं मालकांनी ते लिहिलं. तीन हजारांच्या वर माणसं अशी नावानिशी कागदावर आली. ज्यांना जनगणनेनं नाव दिलं नव्हतं, त्यांची उंची आणि हातातली कला आज आपल्याला वाचायला मिळते. त्या ओळी माणसाची किंमत ठरवण्यासाठी लिहिल्या होत्या, हे वाचताना विसरता येत नाही. किंमत ठरवायला, हे अर्ज तपासणाऱ्या आयोगानं बाल्टिमोरचा एक गुलामांचा व्यापारीच बोलावला होता.

एक अर्ज जवळून पाहा. शिल्पकार क्लार्क मिल्स यांनी फिलिप रीड यांच्यासाठी भरपाई मागितली. वय ४२, बुटके, प्रकृती उत्तम, दिसायला छाप पाडणारे नाहीत पण बुद्धीनं तल्लख, ओतशाळेतले चांगले कारागीर, असं वर्णन मिल्स यांनी लिहिलं. मागणी १,५०० डॉलरची होती, मंजूर झाले ३५० डॉलर ४० सेंट. कॅपिटलच्या घुमटावर उभ्या असलेल्या स्वातंत्र्याच्या पुतळ्याचं ओतकाम ज्यांच्या हातून झालं, ते हेच रीड. २ डिसेंबर १८६३ रोजी पुतळा घुमटावर चढला तेव्हा ते स्वतंत्र होते.

या अर्जांत आणखी दोन गोष्टी बघायच्या. पहिली: 'मालक' म्हणून सही करणारा माणूस बाप किंवा नवराही असू शकतो. गेब्रिएल कोकली या स्वतंत्र कृष्णवर्णीय गृहस्थांनी आपली बायको आणि मुलं विकत घेऊन सोडवली होती. कायद्याच्या नजरेत ती त्यांचीच मालमत्ता होती, म्हणून त्यांनी भरपाईचा अर्ज केला आणि तो मंजूरही झाला. तेव्हा आडनाव एकच दिसलं तर दचकू नका, अर्ज शेवटपर्यंत वाचा. दुसरी: १२ जुलै १८६२ च्या पुरवणी कायद्यानं, मालकानं अर्ज केला नसेल तर गुलाम असलेल्या व्यक्तीला स्वतः अर्ज करता आला, आणि कृष्णवर्णीयांची साक्षही ग्राह्य धरली गेली. हे अर्ज संख्येनं थोडे, पण त्यांत बोलणारा माणूस तो स्वतः आहे. एप्रिलच्या अर्जांत नाव नसेल तर जुलैचे पाहिल्याशिवाय सोडू नका.

हे कागद नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये (अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात) आहेत आणि त्यांच्या प्रतिमा ऑनलाइनही मिळतात. तिथेच राजधानीच्या न्यायालयाची जुनी मुक्तिपत्रं आणि पळून गेलेल्यांविरुद्धचे खटलेही सापडतात.

ते राजधानीतले नव्हते, मेरीलँड किंवा व्हर्जिनियातून पळून आले होते. मग?

मग भरपाईच्या अर्जांत ते नसणार. सैन्याच्या आश्रयाला आलेल्या अशा लोकांना तेव्हा 'काँट्राबँड', म्हणजे जप्त माल, म्हणत. ते आधी कॅपिटलजवळच्या डफ ग्रीन्स रो या घरांच्या रांगेत आणि पुढे कॅम्प बार्करमध्ये राहिले. कॅम्प बार्करमध्ये आलेल्यांची १८६२-६३ ची नोंदवही टिकून आहे. १८६३ च्या अखेरीला नदीपलीकडे, दक्षिणेच्या सैन्याचे जनरल ली यांच्या आर्लिंग्टन इस्टेटीवर फ्रीडमन्स व्हिलेज ही मुक्त झालेल्यांची वस्ती वसली.

मेरीलँडमधून आलेल्यांची गोष्ट जास्त अवघड होती. मेरीलँडमध्ये गुलामी होती, पण दक्षिणेच्या राज्यांसारखं ते संघराज्यातून फुटलं नव्हतं, त्यामुळे राजधानीतली गुलामी संपल्यावरही तिथले मालक पळून आलेल्यांना पकडायला कायद्यानं येऊ शकत. मेरीलँडमधली गुलामी १ नोव्हेंबर १८६४ ला संपली. त्या आधीच्या काळात तुमचा पूर्वज नाव बदलून राहिला असेल तर त्यामागे हे कारण असू शकतं.

युद्धानंतरचे दोन संग्रह इथे मोलाचे आहेत. एक फ्रीडमन्स ब्युरोचा, म्हणजे मुक्त झालेल्यांना मदत करणाऱ्या सरकारी कचेरीचा (१८६५ ते १८७२). दुसरा फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँकेचा, म्हणजे त्यांच्यासाठीच्या बचत बँकेचा. ही बँक १८६५ मध्ये निघाली आणि १८७४ मध्ये बुडाली. ठेवीदारांचं त्यात फार नुकसान झालं. पण खातं उघडताना ओळख पटावी म्हणून जन्मस्थान, आईबाप, भावंडं, मुलं, कधीकधी जुन्या मालकाचं नावही लिहून घेत. दूर विकल्या गेलेल्या बहिणीचं नाव एखाद्या खात्याच्या रकान्यात मिळालेले शोधक आहेत. जितकी भावंडं माहीत असतील तितक्यांच्या नावानं शोधा.

पूर्वज सैनिक होता. कुठली फाइल मागवू?

दोन असतात: सेवेची आणि पेन्शनची. सेवेची फाइल त्याच्या रेजिमेंटच्या राज्याखाली लागते, तो राहत कुठे होता त्याखाली नाही. राजधानीच्या स्वतःच्या तुकड्या थोड्याच. कृष्णवर्णीय सैनिकांच्या रेजिमेंट राज्याच्या नावानं नव्हे, तर 'युनायटेड स्टेट्स कलर्ड ट्रूप्स' या नावानं वेगळ्या लावल्या आहेत. त्यांतली पहिली रेजिमेंट १८६३ मध्ये इथेच, पोटोमॅकमधल्या मेसन्स बेटावर जमली. ते आजचं थिओडोर रूझवेल्ट बेट.

पण पैसे एकाच फाइलवर खर्च करायचे असतील तर पेन्शनची मागवा. सेवेची फाइल हजेरीपटासारखी असते. पेन्शनच्या फाइलमध्ये घर असतं. १४ जुलै १८६२ च्या कायद्यानं अपंग सैनिकाला, विधवेला, सोळा वर्षांखालच्या मुलांना आणि मुलावर अवलंबून असलेल्या आईलाही पेन्शन मागता येऊ लागली. विधवेला लग्न सिद्ध करायचं असे. मग कुणी लग्न लावणाऱ्या पाद्र्याचा दाखला जोडी, कुणी घरच्या बायबलातलं जन्मनोंदींचं पान फाडून पाठवी, शेजारणी शपथेवर सांगत की मुलाच्या जन्माच्या वेळी आम्ही तिथे होतो. गुलामीतल्या जोडप्यांची लग्नं कायद्यानं मानलेलीच नव्हती. १८६४ च्या दुरुस्तीनंतर कृष्णवर्णीय सैनिकांच्या विधवांना, आम्ही नवराबायको म्हणून एकत्र राहत होतो, इतका पुरावा देऊन हक्क सांगता आला. त्यासाठी झालेल्या साक्षी वाचताना आख्खी वस्ती डोळ्यांपुढे येते. साक्षीदारांची नावंही टिपून ठेवा. त्यांत चुलते, मावश्या, जुने सोबती निघतात.

विधवेनं पुन्हा लग्न केलं असेल तर मुलांची फाइल नव्या पालकाच्या अर्जावर चालते. म्हणून आडनाव जुळत नाही एवढ्यावरून फाइल परत ठेवू नका.

तो वॉशिंग्टनच्या इस्पितळात वारला. पुरला कुठे असेल?

युद्धात हे शहर इस्पितळांचं शहर झालं होतं. आर्मरी स्क्वेअर, लिंकन, हेअरवुड, कार्व्हर अशी मोठी लष्करी इस्पितळं होती. पेटंट ऑफिसात आणि काही काळ कॅपिटलमध्येही खाटा लागल्या. कवी वॉल्ट व्हिटमन डिसेंबर १८६२ मध्ये आले ते जखमी भावाला शोधायला, आणि भाऊ भेटल्यावरही इथल्या खाटांशेजारी बसत राहिले.

१८६१ ते १८६४ मधल्या मृत्यूसाठी आधी सोल्जर्स होमची (शहरातल्या माजी सैनिकांच्या आश्रमाची) राष्ट्रीय दफनभूमी पाहा. ती भरत आली तेव्हा आर्लिंग्टन उघडलं. तिथलं पहिलं लष्करी दफन १३ मे १८६४ चं. जुलै १८६४ मध्ये शहराच्या वेशीवर फोर्ट स्टीव्हन्सच्या लढाईत पडलेल्यांपैकी चाळीस-एक सैनिक बॅटलग्राउंड या छोट्या दफनभूमीत आहेत. ऐपत असलेल्या घरांनी मात्र मृतदेह मसाला भरून गावी नेले, तेव्हा घराण्याच्या मूळ गावची दफनभूमीही बघावी.

आर्लिंग्टनच्या २७ व्या विभागात सैनिकांबरोबर ३,८०० हून अधिक मुक्त झालेली कृष्णवर्णीय माणसं आहेत. त्यांच्या दगडांवर नावाखाली 'नागरिक' अशा अर्थाचा शब्द कोरलेला आहे.

शहरातल्या काही दफनभूमी पुढे उठवल्या गेल्या, हेही लक्षात ठेवा. ज्यांचा अर्ज वर पाहिला ते फिलिप रीड १८९२ मध्ये वारले. त्यांचे अवशेष एका दफनभूमीतून कोलंबियन हार्मनी या दुसरीत आणि १९६० मध्ये तिथून मेरीलँडमधल्या नॅशनल हार्मनी मेमोरियल पार्कमध्ये गेले. कोलंबियन हार्मनी हे नाव मृत्युनोंदीत दिसलं तर हल्लीचा शोध नॅशनल हार्मनीत घ्यायचा.

तो बेपत्ता होता, एवढंच घरात सांगतात.

युद्धात जखमींची शुश्रूषा केलेल्या क्लारा बार्टन यांनी १८६५ ते १८६८ या काळात वॉशिंग्टनच्या सातव्या रस्त्यावरच्या आपल्या खोल्यांतून बेपत्ता सैनिकांसाठी कचेरी चालवली. नातेवाइकांची ६३,००० हून जास्त पत्रं आली आणि सुमारे २२,००० जणांचं काय झालं ते कळवता आलं. त्यांनी छापलेल्या बेपत्तांच्या याद्यांत नाव शोधा. तुमच्या खापरपणजीनं पत्र घातलं असण्याची शक्यता खरीखुरी आहे.

पणजी तिथे नोकरीला होती म्हणतात. तेव्हा बायकांना सरकारी नोकरी मिळे?

मिळे. नोटांचे कागद कापण्यासाठी ट्रेझरीनं (सरकारी अर्थखात्यानं) युद्धात बायका घेतल्या आणि पुढे इतर कचेऱ्यांतही त्या दिसू लागल्या. केंद्र सरकारचं 'ऑफिशियल रजिस्टर' दर दोन वर्षांनी निघे. १८६१, १८६३ आणि १८६५ च्या आवृत्त्यांत कर्मचाऱ्याचं नाव, हुद्दा, जन्मस्थान आणि पगार सापडतो. शिवाय शहराच्या शस्त्रागारात काडतुसं भरण्याचं काम मुली करत. १७ जून १८६४ च्या स्फोटात त्यांतल्या एकवीस जणी गेल्या. बहुतेक गरीब घरच्या, पुष्कळशा आयरिश. काँग्रेशनल दफनभूमीत त्यांचं स्मारक आहे आणि अंत्ययात्रेला लिंकन स्वतः होते. त्या आठवड्यातली वर्तमानपत्रं वाचा. एरवी ज्यांच्याबद्दल ओळही छापली गेली नसती, त्या मुलींची नावं त्यांत आहेत.

आणि तो दक्षिणेच्या बाजूचा असेल तर?

शहरात अशी घरं पुष्कळ होती. १८६१ मध्ये सरकारी नोकरांना निष्ठेची शपथ घ्यावी लागली आणि काँग्रेसच्या एका समितीनं कारकुनांच्या निष्ठेची चौकशी केली. संशयितांना ओल्ड कॅपिटल तुरुंगात ठेवत. आज तिथे सर्वोच्च न्यायालय आहे. प्रोव्होस्ट मार्शलच्या (लष्करी पोलिसांच्या प्रमुखाच्या) दफ्तरात नागरिकांबद्दलचे कागद नावानुसार लावलेले आहेत. निनावी चुगलीही त्यात असते, तेव्हा आरोप वाचला म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं धरू नका.

घरात सांगतात, खापरपणजोबांनी लिंकनना पाहिलं होतं. खरं मानू?

शक्य कोटीतलं आहे. लिंकन शहरात सर्रास दिसत. उन्हाळ्यात ते सोल्जर्स होममध्ये राहत आणि तिथून रोज व्हाइट हाउसला येत-जात. गोष्ट तारखेला बांधा आणि त्या दिवशी त्यांची रेजिमेंट कुठे होती ते पाहा. उदाहरणार्थ, 'गोळीबार चालू असताना पाहिलं' असं सांगत असतील तर ती जागा फोर्ट स्टीव्हन्स आणि दिवस जुलै १८६४ चा ११ किंवा १२. व्हर्जिनियातल्या पीटर्सबर्गच्या आघाडीवरून घाईनं बोटींनी आणलेल्या सहाव्या कोअरमध्ये (सैन्याच्या मोठ्या विभागात) ते होते असं निघालं, तर गोष्टीत दम आहे. जुळलं नाही तरी ती फेकून देऊ नका. 'घरात असं सांगतात' असा शेरा मारून वेगळी लिहून ठेवा.

अमेरिकेला न जाता किती काम होईल?

बरंचसं. जनगणना, फ्रीडमन्स बँक आणि ब्युरोच्या नोंदी, पेन्शनची सूची हे फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर मोफत खातं उघडून पाहता येतं. जुनी वर्तमानपत्रं लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या 'क्रॉनिकलिंग अमेरिका' संग्रहात आहेत. सैनिकांच्या कबरी सरकारच्या ऑनलाइन कबर-शोधात सापडतात. पूर्ण पेन्शन फाइल मात्र बहुतेक वेळा नॅशनल आर्काइव्ह्जकडून पैसे भरून मागवावी लागते. पेन्शनसाठी फॉर्म ८५, सेवेच्या फाइलसाठी ८६. मागणी करण्याआधी सूचीतून अर्ज क्रमांक आणि प्रमाणपत्र क्रमांक उतरवून घ्या, आणि नावाची जितकी स्पेलिंग आढळली तितकी सगळी सोबत लिहा. 'पूर्ण फाइल' असं स्पष्ट मागा. निवडक कागदांच्या संचात शेजाऱ्यांच्या साक्षी येतीलच असं नाही.